सोलापुरातला ज्येष्ठांचा मेमरी क्लास : क्लास जरूर लावा, 'ब्रेन मॅप' घेऊ नका

अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, आपल्या सोलापुरातल्याच एका मेमरी क्लासला घातलं होतं, बॅच आता संपलीय आणि ओळखीतले बरेच जण विचारतायत की कसा आहे, पैसे घालावेत का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. थोडक्यात पाहिजे असेल तर क्लास चांगला आहे, घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर लावाच, पण त्याच्यासोबत जो 'ब्रेन कनेक्टिव्हिटी मॅप', म्हणजे मशीनने काढलेलं मेंदूचं रंगीत चित्र, गळ्यात घालतात ना तो घेऊ नका. क्लासला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, मॅपला एकसुद्धा नाही. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण शिकवणाऱ्या मॅडम खरंच जीव तोडून शिकवतात आणि मॅपचं काम त्यांचं नाहीच, ती बाहेरची पार्टी आहे, मशीन घेऊन येतात आणि पॅकेजमध्ये त्यांचे पैसे जोडलेले असतात, आमच्या भावाने पूर्ण पॅकेज भरलं होतं म्हणून तोही भाग बघायला मिळाला.

आधी अण्णांबद्दल सांगते म्हणजे तुमच्या घरातल्या माणसाशी ताडून बघता येईल. अण्णा मिलमध्ये होते, विणायच्या खात्यात, मिल बंद पडल्यावर पॉवरलूमवर. जुनं सगळं तोंडपाठ, कुठल्या शिफ्टला कोण मुकादम होता, कुठल्या मागावर कसली चादर निघायची ते विचारा, पण सकाळी बीपीची गोळी घेतली का ते आठवत नाही, नातजावयाचं नाव अडतं, नवी पेठेत चार वस्तू आणायला गेले की दोन घेऊन येतात. हिशेब नीट, रस्ता चुकत नाहीत, स्वभाव तोच. एवढ्यावरून घरात लगेच 'अल्झायमर' शब्द निघाला होता. भारतात साठीवरच्या लोकांत डिमेन्शियाचं, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाच्या आजारांचं, प्रमाण साधारण 7.4 टक्के आहे असं मोठ्या सर्व्हेमधून आलंय, म्हणजे कमी नाही पण विसरणारा प्रत्येक म्हातारा माणूस त्यात नाही हेही तेवढंच खरं.

क्लासची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की आधी डॉक्टरकडे जाऊन या म्हणाले, त्याशिवाय ॲडमिशनच नाही. बी-12, थायरॉइड, शुगर, झोप, मन उदास असतं का, ऐकायला येतं का, चालू औषधं कुठली, हे सगळं बघून घ्यायचं, कारण यातलं काहीही बिघडलं तरी माणूस विसरायला लागतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. आमच्या घरी शुद्ध शाकाहार, अण्णांचं बी-12 खाली होतं, इंजेक्शनं सुरू झाली. कानाचंही निघालं, डाव्या कानाने कमी येत होतं. मेमरीच्या क्लासला कान कशाला तपासायचे असं मला वाटलेलं, पण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनने 2024 साली जे 14 धोक्याचे घटक दिलेत, जे सुधारले तर जगातले जवळजवळ 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतील, त्यात ऐकू कमी येणं अगदी वरच्या नंबरांत आहे. जे धड ऐकूच आलं नाही ते लक्षात राहणार कुठून.

मग पहिल्या दिवशी एक चाचणी मराठीतून घेतली, मोका म्हणतात तिला, कॅनडातल्या नसरुद्दीन म्हणून डॉक्टरांच्या टीमने 2005 मध्ये छापलेली, 30 मार्कांची. घड्याळ काढा, चित्रातले प्राणी ओळखा, शंभरातून सात सात वजा करत या, आणि पाच शब्द ऐकवतात ते थोड्या वेळाने परत विचारतात. 26 किंवा त्याच्या वर साधारण ठीक धरतात, शिक्षण कमी असेल तर एक मार्क वाढवून देतात. मॅडमनी नीट सांगितलं की हा काही निकाल नाही, पुढे बघायला लागेल का एवढंच यातून कळतं, आणि सातवी झालेल्या माणसाला नि निवृत्त प्रोफेसरला एकच फूटपट्टी लावू नका. अण्णांचे पाच शब्दांतले दोन गेले, बाकी चांगलं होतं.

आता मेन विषय, कनेक्टिव्हिटी. हा शब्द माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात आहे आणि मॅडमनी त्यावर एक अख्खा तास घेतला, तो तास फार सुंदर होता म्हणून जरा लांबण लावते.

आठवण म्हटलं की आपण समजतो डोक्यात एका कप्प्यात ठेवलेली असते. एक कप्पा महत्त्वाचा आहे हे खरंच, हिप्पोकॅम्पस, कानाच्या आतल्या बाजूला खोलवर, दोन्हीकडे एकेक. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन या माणसाचा 1953 साली फिट्स थांबाव्यात म्हणून दोन्हीकडचा हा भाग बराचसा काढला, आणि त्यानंतर 2008 साली वारेपर्यंत त्यांना नवीन घडलेल्या गोष्टींची आठवण जवळजवळ धरताच आली नाही, रोज भेटणारी माणसंसुद्धा नवी. जुनं मात्र बरंच शिल्लक. पण नंतरच्या संशोधनात कळत गेलं की हिप्पोकॅम्पस एकटा काही करत नाही, तो मेंदूच्या पुढच्या, मागच्या, बाजूच्या भागांशी सतत देवाणघेवाण करतो, आणि हे भाग एकमेकांशी किती जुळून वर-खाली होतात त्यालाच ही मंडळी फंक्शनल कनेक्टिव्हिटी म्हणतात. ही गोष्ट 1995 मध्ये भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या संशोधकाने दाखवली, माणूस एमआरआय मशीनमध्ये नुसता पडलाय, काहीच करत नाही, तरी डावा आणि उजवा हात हलवणारे मेंदूचे भाग एका लयीत चाललेत. पुढे 2001 मध्ये मार्कस रेकल यांनी डिफॉल्ट मोड नेटवर्क मांडलं, म्हणजे आपण काही काम करत नसतो, जुनं आठवत, उद्याचं ठरवत बसलेलो असतो तेव्हा जे भाग जागे असतात त्यांचं जाळं. आठवणींशी याचा जवळचा संबंध, आणि अल्झायमरमध्ये लवकर बिघडणाऱ्या जाळ्यांपैकी हेच एक.

वय वाढतं तसं काय होतं ते मॅडमनी अण्णांनाच उभं करून समजावलं, मिलमध्ये कसं चालायचं सांगा म्हणाल्या. अण्णा म्हणाले सूत कातायचं खातं वेगळं, विणायचं वेगळं, रंगाचं वेगळं, प्रत्येक खात्यात आपापसात पूर्ण बोलणं, आणि खात्या-खात्यात निरोप न्यायला ठरलेली माणसं. मॅडम म्हणाल्या मेंदूतही तसंच, आणि वयानुसार खात्यातलं आतलं बोलणं कमी होतं आणि नको त्या खात्यांत आरडाओरडा वाढतो. 2014 मध्ये मायकेला चॅन आणि गगन विग यांच्या टीमने 20 ते 89 वयाच्या 210 निरोगी लोकांचे स्कॅन बघून हेच दाखवलं, नेटवर्कचं वेगळेपण वयाप्रमाणे कमी होत जातं, आणि ज्यांचं वेगळेपण टिकून होतं त्यांची दीर्घकाळची स्मरणशक्ती चांगली निघाली, वय कितीही असलं तरी. म्हणजे साठीच्या माणसाचं जाळं चाळिशीच्या माणसासारखं असू शकतं. हे ऐकून बॅचमधली सगळी म्हातारी मंडळी सरसावून बसली, मलाही फार बरं वाटलं.

आणि इथेच मॅपवाल्यांचा नि विज्ञानाचा रस्ता वेगळा होतो. त्यांचं काय असतं, डोक्याला वायरींची टोपी घालतात, थोडा वेळ डोळे मिटून बसवतात आणि लाल-हिरव्या मेंदूचं चित्र छापून देतात, खाली लिहिलेलं 'मेमरी नेटवर्क कनेक्टिव्हिटी' अमुक टक्के. अण्णांचं 58 आलं. कागद बघून त्यांचा चेहराच उतरला, घरी येईपर्यंत बोलले नाहीत आणि रात्री आईला विचारत होते, माझा मेंदू अर्धाच राहिलाय काय गं. मला याचा इतका राग आला की काय सांगू, एक तर म्हातारा माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याच्या हातात असा कागद देताच कसा येतो.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी आमच्या ओळखीतल्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवला, नंतर स्वतःही बरंच वाचलं. ईईजी म्हणजे ती टोपी, ही चांगली तपासणी आहे, फिट्सच्या पेशंटला तिचा फार उपयोग, पण ती डोक्याच्या कातडीवरून वीज मोजते आणि हिप्पोकॅम्पस असतो खोल आत, तिथलं चित्र या टोपीतून नीट येत नाही. वर जे अभ्यास सांगितले ते एमआरआयचे, आणि तेसुद्धा बऱ्याच लोकांची सरासरी काढून केलेले. सरासरीत दिसणारा संबंध एका माणसाला लावता येत नाही, 2022 मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांचा मोठा पेपर आला की मेंदूच्या स्कॅनचा आणि असल्या क्षमतांचा संबंध पक्का पकडायला हजारो माणसं लागतात, थोड्या लोकांवर केलेले निष्कर्ष परत टिकत नाहीत. मग एका माणसाचं थोडा वेळ मोजलेलं चित्र कुठे राहिलं. त्यात आदल्या रात्रीची झोप, चहा-कॉफी, डोळे मिटल्यावर लागलेली डुलकी, टोपी घातल्यावरचं टेन्शन, सगळ्याने आकडा हलतो. अण्णांना तर आदल्या रात्री लाइट गेल्यामुळे धड झोपच नव्हती.

अजून एक, कनेक्टिव्हिटी जास्त म्हणजे चांगलं हे गणितच बरोबर नाही. कुठे जास्त हवी आणि कुठे कमी, दोन्ही लागतं, ते खात्यांचं वर आलंच आहे. काही वेळा तर जास्त काम करणं हेच दुखणं असतं, 2012 मध्ये सौम्य स्मृतिदोष असलेल्या लोकांवर एक अभ्यास झाला, त्यात हिप्पोकॅम्पस गरजेपेक्षा जास्त पेटलेला होता, फिट्सच्या एका औषधाचा कमी डोस देऊन तो शांत केल्यावर त्यांचा मेमरी टेस्टचा निकाल सुधारला. (हे औषध कोणी मेडिकलमधून आणून देऊ नका हां, तो प्रयोग होता.) त्यामुळे हिरवं चांगलं, लाल वाईट अशी पट्टी छापणाऱ्याला विचारायला पाहिजे की हे कशावरून ठरवलं. मी विचारलं, सॉफ्टवेअर देतं म्हणाले. आणि बॅचच्या शेवटी दुसरा मॅप काढायचा, त्यात आकडा वाढलेला दाखवायचा, ह्यासाठी परत पैसे. आम्ही काढला नाही.

आता चांगलं सांगते, कारण खरं मोल इथे आहे. क्लासचा मोठा भाग म्हणजे जागांची पद्धत, ओळखीचा रस्ता डोळ्यासमोर आणायचा आणि लक्षात ठेवायची एकेक वस्तू त्या रस्त्यावरच्या एकेका ठिकाणी ठेवत जायची, मग आठवताना मनातल्या मनात परत चालत जायचं. बहुतेकांनी स्वतःचं घर घेतलं, दार, चप्पलस्टँड, देवघर. अण्णांनी काय घेतलं तर अडुसष्ट लिंगांचा मार्ग! तरुणपणी ते गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी बाराबंदी हा पारंपरिक पोशाख घालून नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर चालायचे, उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून सुरू करून सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या 68 लिंगांना तैलाभिषेक होतो तो सगळा रस्ता त्यांच्या पायात बसलेला आहे. मॅडम एकदम खूश, म्हणाल्या तुमच्याकडे आयत्या 68 जागा तयार आहेत. सुरुवातीला दहा शब्द, मग वीस, मग अण्णा तीसच्या वर जायला लागले, एका लिंगापाशी नारळ, पुढच्यापाशी छत्री, त्याच्या पुढे तिकीट, आणि बोलताना हात असे पुढे करायचे जसा नंदीध्वज पेलतायत. बॅचमधल्या एका पद्मशाली आजींनी साखर पेठेतली आपली गल्ली घेतली होती, त्या शब्द तेलुगूत म्हणायच्या, कुणी कानडीत, मॅडम कुणाला अडवायच्या नाहीत, हे आपल्या गावाला शोभणारं आहे.

आणि या पद्धतीने नेटवर्कमध्ये फरक पडतो याचा चांगला अभ्यासही आहे. 2017 मध्ये मार्टिन ड्रेसलर यांच्या टीमने स्मरणशक्तीच्या स्पर्धा जिंकणाऱ्या 23 लोकांचे स्कॅन घेतले, मग 51 साध्या तरुण मंडळींना घेतलं. त्यातल्या एका गटाला रोज अर्धा तास, सहा आठवडे हीच पद्धत शिकवली. आधी 72 शब्दांतले 26 ते 30 यायचे, नंतर सरासरी 35 शब्द जास्त यायला लागले, चार महिन्यांनी परत बघितलं तरी बराचसा फायदा टिकून होता. पुढचं मला फार महत्त्वाचं वाटतं, मेंदूचा आकार वगैरे काही विशेष वेगळा नव्हता, वेगळी होती ती जोडणी, आणि शिकलेल्यांची जोडणी जितकी चॅम्पियन लोकांच्या जोडणीसारखी होत गेली तितकी त्यांची कामगिरी वाढली. म्हणजे सरावाने जाळं बदलतं आणि ते बदल निकालात दिसतात. तरुणांवरचा अभ्यास आहे, सत्तरीत तेवढाच फरक पडेल असं मॅडमनीही कबूल केलं नाही, आणि मला त्यांचं तेच आवडलं.

मर्यादाही सांगते. यादी लक्षात राहणं वेगळं आणि गोळी घ्यायची आठवण होणं वेगळं. 68 लिंगांनी अण्णांची गोळी काही आठवली नाही, त्याला वारांचे कप्पे असलेली डबी आणली आणि ती सकाळच्या चहाच्या बरणीला टेकवून ठेवली, तेव्हापासून चुकत नाही. हेही क्लासमध्येच सांगितलं होतं, बाहेरच्या वस्तूंची मदत घ्यायला लाजायचं नाही. बाजारची यादी मात्र आता ते मार्गावर ठेवून जातात आणि सगळं घेऊन येतात, शेंगा चटणीसकट.

दुसरा चांगला भाग चालणं. रोज सकाळी ग्रुपने तलावाकडे, मॅडमचा माणूस बरोबर. 2011 मध्ये कर्क एरिक्सन यांच्या टीमने 120 ज्येष्ठांवर वर्षभर प्रयोग केला, अर्ध्यांनी आठवड्यातून तीन दिवस 40 मिनिटांपर्यंत जरा जोरात चालायचं, अर्ध्यांनी फक्त ताणाचे व्यायाम. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण 2 टक्क्यांनी वाढला, दुसऱ्यांचा थोडा घटला. त्याच्या आदल्या वर्षी त्याच मंडळींनी, मिशेल व्हॉस वगैरे, डिफॉल्ट मोड नेटवर्कमधली जोडणीही चालण्याने सुधारते हे दाखवलेलं, पण सहा महिन्यांत ठोस काही दिसलं नव्हतं, पूर्ण वर्षाने दिसलं. म्हणून बॅच संपली की चालणं थांबवायचं नाही, हे मॅडम परत परत सांगतात. आपल्याकडचा उन्हाळा माहितीच आहे, एप्रिल-मेमध्ये सूर्य वर यायच्या आत उरकायचं आणि पाण्याची बाटली जवळ.

मोबाइलवरचं गेमचं ॲप पण देतात, ते ठीक, वेळ जातो. अण्णा त्या गेममध्ये हुशार झाले, गेमपुरते. लुमोसिटी नावाच्या मोठ्या कंपनीने असल्या गेमने वयाचा विसराळूपणा थांबतो अशा जाहिराती केल्या म्हणून अमेरिकेतल्या ग्राहक खात्याने 2016 मध्ये तिच्याकडून 20 लाख डॉलर भरून घेतले, तेवढं लक्षात ठेवा म्हणजे पुरे.

एका काकांनी ऑनलाइन मिळणाऱ्या, डोक्याला करंट देणाऱ्या पट्ट्याबद्दल विचारलं तेव्हा मॅडमनी जे उत्तर दिलं तेही लिहिते. 2014 मध्ये जोएल व्हॉस यांच्या लॅबने 16 निरोगी लोकांच्या डोक्याच्या बाजूला बाहेरून चुंबकीय ठोके दिले, पाच दिवस, एमआरआय बघून नेमक्या जागी, त्यातून हिप्पोकॅम्पसची जोडणी वाढली आणि चेहरा-शब्द जोड्या लक्षात ठेवणंही सुधारलं. फार मोठी गोष्ट आहे, कारण इथे बाहेरून जोडणी वाढवली आणि सोबत मेमरीही सुधारली असं बघता आलं. पण ते लॅबमधलं मशीन आणि तरुण लोक, तो पट्टा म्हणजे ते नव्हे, कोणी मागवू नका.

तक्रारी थोड्या आहेत. वर्ग पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी काय करायचं. पंख्याचा आवाज इतका की मागच्या रांगेत ऐकू येत नाही, कान कमी असलेल्यांना पुढे बसवायची सोय त्यांनीच करायला हवी, आम्हाला सांगावं लागलं. अर्धा मार्क याच्यासाठी कापला. गाडी लावायला जागा आहे, चहा मिळतो, मुलगा-सून-लेक कोणी सोबत बसलं तर चालतं आणि बसाच, घरी सराव घ्यायला बरं पडतं.

कोणी इथे येऊ नये तेही सांगते. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, गॅस चालू सोडून जाणं, तोच प्रश्न पाच मिनिटांत परत परत, पैशाचे व्यवहार न जमणं, स्वभाव एकदम बदलणं, किंवा थोड्या दिवसांतच झपाट्याने बिघडणं, असं असेल तर क्लास राहू दे, आधी न्यूरॉलॉजिस्ट. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिलमध्ये दाखवा, पण दाखवा.

फी बद्दल बरेच जण विचारतात. नुसता क्लास परवडतो, मॅप आणि ॲप धरून पॅकेज जवळपास दुप्पट होतं. फॉर्मवर पॅकेजच्या चौकटीत आधीच टिक केलेली असते, ती खोडायला सांगा, 'फक्त वर्ग' असं पेनने लिहून घ्या आणि पावतीवर तेवढाच आकडा आहे ना ते काउंटरवरच बघून घ्या, पुढची बॅच सुरू व्हायच्या आधी चौकशी केली तर पुढची खुर्चीही मागून ठेवता येते.